ऑनलाइन थेरपी: क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाण्याआधी घरात काय माहीत असावं

शुगर वाढली तर आपण डॉक्टरकडे जातो, गोळी घेतो आणि शेजारच्या खालाने सांगितलेलं मेथीचं पाणीही पितो. त्यात कुणाला लाज वाटत नाही. पण रात्र-रात्र झोप लागत नाही, छातीत धडधड होते, कारण नसताना रडू येतं किंवा दहावीतला मुलगा दार लावून बसू लागतो, तेव्हा घरात पहिला सल्ला येतो "नमाज वेळेवर पढ, सगळं ठीक होईल". दुसरा येतो "कुणाची तरी नजर लागली असेल". क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव निघतं ते फार उशिरा, आणि निघालं तरी दबक्या आवाजात.

आता हे तज्ज्ञ मोबाइलवर भेटतात. मालेगाव, भिवंडी किंवा रत्नागिरीकडच्या एखाद्या गावातून पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी बोलता येतं, दवाखान्याच्या बाहेर कुणी बघेल ही भीती राहत नाही. म्हणूनच याबद्दल आमच्याकडे विचारणा वाढली आहे. विचारणाऱ्यांमध्ये बायका जास्त, आणि "हे आमच्या बहिणीसाठी विचारतोय" म्हणणारे पुरुषही कमी नाहीत. त्या प्रश्नांची उत्तरं आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी एक आकडा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यात १८ वर्षांवरच्या १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. म्हणजे उपचार न घेणं हा फक्त आपल्या मोहल्ल्याचा किंवा आपल्या समाजाचा प्रश्न नाही, सगळ्या देशाची हीच गत आहे.

कोणाकडे जायचं?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. सायकियाट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हा एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर. गोळ्या तोच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नसतो. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. झाल्यावर रुग्णालयात देखरेखीखाली प्रशिक्षण घेऊन, बहुतेक वेळा दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. करून तो तयार होतो. आजाराची तपासणी, मानसशास्त्रीय चाचण्या आणि बोलण्यातून उपचार, म्हणजेच थेरपी, हे त्याचं काम. तो गोळी लिहून देत नाही. देत असेल तर तिथून उठून यावं.

काउन्सेलर किंवा समुपदेशक ही तिसरी जात. यांत उत्तम शिकलेले लोक आहेत आणि आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. 'लाइफ कोच', 'माइंड हीलर', 'रूहानी थेरपिस्ट' या नावांना कायद्यात काहीच अर्थ नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मात्र कायद्यातला शब्द आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये त्याची व्याख्या आहे, आणि ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या म्हणजे आरसीआयच्या मान्यतेशी जोडलेली आहे. या परिषदेच्या नोंदवहीत नाव आलं की तज्ज्ञाला सीआरआर नंबर मिळतो. परिषदेच्या संकेतस्थळावर ही नोंद कुणालाही तपासता येते. तेव्हा पहिल्या फोनवरच सरळ विचारा, "मॅडम, तुमचा सीआरआर नंबर काय?" खऱ्या तज्ज्ञाला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

सेशनमध्ये नेमकं होतं काय?

बहुतेक सेशन ४५ ते ५० मिनिटांचं असतं, आठवड्यातून एकदा. पहिली एक-दोन सेशन चौकशीतच जातात. त्रास कधीपासून आहे, झोप-भूक कशी आहे, घरात कोण कोण, आधी कुणाला असा आजार होता का, थायरॉइड तपासलं का. थायरॉइडचा प्रश्न ऐकून लोक गोंधळतात, पण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस उदास आणि सुस्त होतो, म्हणून रक्ततपासणी सांगितली तर करून घ्या. कधी छोटी प्रश्नावलीही भरून घेतात. उदासीसाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ सगळीकडे वापरतात. ती परीक्षा नाही, तापाच्या थर्मामीटरसारखी आहे. त्रास किती आहे ते कळतं आणि दोन महिन्यांनी उतरला का तेही कळतं.

मग ठरतं काय करायचं. चिंता आणि उदासीत सर्वात जास्त चालते ती सीबीटी. मनात येणारा विचार, त्यामुळे होणारी भावना आणि त्यातून आपण करतो ती कृती या तिघांची साखळी कुठे तोडायची हे यात शिकवतात. घरचा अभ्यास देतात, वहीत लिहायला सांगतात. "फक्त बोलून काय होणार?" असं विचारणारे तीन-चार सेशननंतर "वहीच लिहायला वेळ नाही" म्हणतात, असं आमच्या ओळखीतल्या एका तज्ज्ञबाईंनी हसत सांगितलं.

समोरासमोर आणि ऑनलाइन यांत फरक किती? उदासी आणि चिंतेच्या बहुतेक त्रासांत ऑनलाइन सीबीटीचा गुण समोरासमोरच्या जवळपास येतो, असं अभ्यासांमधून दिसलं आहे. सगळ्याच आजारांत तसं नाही, ते पुढे येईलच.

वसवसा आणि वजू

याच्यावर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या घरांत हा त्रास धर्माच्या आड लपतो.

समजा, एका घरातली सून वजूला बसली की वीस-पंचवीस मिनिटं उठत नाही. कोपर कोरडं राहिलं का, नीयत बरोबर झाली का, थेंब उडाला तर कपडा नापाक झाला का. नमाजमध्ये उभी राहिली की रकात विसरल्यासारखं वाटतं, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. सासू आधी कौतुक करते, किती परहेजगार आहे म्हणते. सहा महिन्यांनी हातांची चामडी सोलते, जोहरची वेळ निघून जाते, मूल भुकेलं रडत असतं. मग कुणी म्हणतं शैतानचा वसवसा आहे, जास्त पढ. ती जास्त पढते आणि जास्त अडकते.

याला डॉक्टरी भाषेत ओसीडी म्हणतात आणि त्यावर चांगला उपचार आहे. पद्धत थोडी उलटी वाटेल: एकदाच वजू करायचा आणि शंका आली तरी परत नळाकडे जायचं नाही. बेचैनी वाढते, खूप वाढते, आणि काही न करता थांबलं तर आपोआप उतरू लागते. दहा-वीस वेळा हे झालं की मेंदूला कळतं की परत धुतलं नाही तरी काही होत नाही. हे थेरपिस्टच्या सोबतीने, छोट्या पायऱ्यांनी करायचं असतं, सासूने धमकावून नाही. ऑनलाइनचा इथे मोठा फायदा आहे. दवाखान्यात घरचा नळ नसतो. इथे मोबाइल बेसिनजवळ ठेवला की तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर सराव करून घेऊ शकतात.

आणि दीन आड येत नाही. शंकेने खात्री तुटत नाही हा फिकहमधला जुना आणि मान्य उसूल आहे. समजूतदार मौलाना अशा माणसाला "पुन्हा वजू करू नकोस" हेच सांगतात. काही तज्ज्ञ रुग्णाच्या परवानगीने त्यांच्या आलिमशी बोलूनही घेतात.

हे काही आजचं खूळ नाही. अबू जैद अल-बल्खी हे नववं-दहावं शतक या काळातले विद्वान, बल्खचे, आजच्या अफगाणिस्तानातले. त्यांच्या 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या किताबाचा एक भाग शरीरावर आणि दुसरा मनावर आहे. मनाच्या भागात राग, भीती, उदासी आणि वसवसा यांवर त्यांनी वेगवेगळं लिहिलं. कारण ठाऊक असलेली उदासी आणि कारण सापडत नसलेली उदासी हा फरकही त्यांनी केला. आपणच आपला वारसा विसरलो आणि मानसोपचार म्हणजे पाश्चात्त्यांची गोष्ट समजून बसलो.

दुआ करू नका असं कुणी म्हणत नाही. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालला. दर्ग्याच्या खादिमांनीच आलेल्या लोकांना डॉक्टरकडेही पाठवायला सुरुवात केली. दुसरं टोकही आठवून द्यायला हवं. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण गेले. उंट बांधण्याची हदीस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, इथे माणसं बांधली होती.

घर छोटं, कान फार

ऑनलाइन थेरपीची खरी अडचण नेटवर्क नाही, जागा आहे. दोन खोल्यांत सात माणसं, त्यात सासूबद्दलच बोलायचं आणि सासू पडद्यापलीकडे भाजी निवडतेय. अशात काय बोलणार?

लोक वाट काढतात. कुणी गच्चीवर जातं, कुणी बंद उभ्या गाडीत बसतं, कुणी सगळे दुकानावर गेल्यावरची अकरा ते बाराची वेळ घेतं. हेडफोन लावणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे निदान समोरचा आवाज कुणाला जात नाही. दाराबाहेर पंखा किंवा टीव्ही चालू ठेवला तरी फरक पडतो. कुणी अचानक आलं तर वापरायचा एक साधा शब्द तज्ज्ञांशी आधीच ठरवून ठेवा. "दूधवाला आला" म्हटलं की विषय बदलायचा. नवऱ्याकडून मारहाण होत असेल आणि फोनही तोच तपासत असेल, तर हे आधी सांगा आणि मेसेज, लिंक, पेमेंटची नोंद कुठे दिसेल याचा विचार तज्ज्ञांसोबत करा. अशा घरात ऑनलाइन सेशन धोक्याचंही ठरू शकतं. मग माहेरी गेल्यावर किंवा दवाखान्यातच भेटणं बरं.

पर्द्याबद्दल खूप विचारतात. महिला तज्ज्ञ मागता येतात आणि ऑनलाइनमध्ये त्या सहज मिळतात. नकाब ठेवून बसता येतं. फक्त आवाजावरही सेशन होतं, पण चेहरा दिसला तर तज्ज्ञांना बरंच कळतं, म्हणून महिला तज्ज्ञ असतील तर व्हिडिओ चालू ठेवावा असं आम्हाला वाटतं. रेकॉर्डिंग तुमच्या परवानगीशिवाय होऊ शकत नाही, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. तुम्हीही चोरून करू नका.

भाषा हाही प्रश्न आहे. मनातलं दुःख माणूस आपल्या बोलीतच सांगतो. मराठी, उर्दू, दखनी, कोकणी, जी घरात बोलता ती समजणारा तज्ज्ञ मागा. इंग्रजीत नीट सांगता येत नाही म्हणून गप्प बसणं हा फीचा अपव्यय आहे.

मुलगा-मुलगी वयात आलेली असतील तर

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची किंवा पालकाची संमती लागते. पहिली भेट साधारण सगळ्यांसोबत होते, मग मुलगा किंवा मुलगी एकटी बोलते. इथेच अब्बांचा पारा चढतो. "फी आम्ही भरतो आणि आम्हालाच सांगणार नाही?"

सांगणार, पण सगळं नाही. मुलगी कुणाशी चॅट करते, मुलाला हिफ्ज सोडायचं मनात आहे, मित्रासोबत एकदा सिगारेट ओढली, हे तज्ज्ञ घरात येऊन सांगू लागले तर पुढच्या आठवड्यात मूल तोंडच उघडणार नाही. तज्ज्ञ पालकांना सांगतात ते असं: उपचार कुठल्या दिशेने चाललाय, घरात काय बदल हवा, आणि धोका आहे का. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या विचारात असेल तर गुप्तता राहत नाही. लैंगिक अत्याचार समोर आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवावंच लागतं, घराण्याची इज्जत वगैरे कारण तिथे चालत नाही. हे नियम पहिल्याच दिवशी मुलासमोर, पालकांसमोर, एकत्र बोलून घ्यावेत.

ऑनलाइन बसायला किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तयार होतात, पडदा त्यांच्या सवयीचाच असतो. पण सेशन चालू असताना दुसऱ्या खिडकीत गेमही चालू असतो. म्हणून मोबाइलऐवजी शक्य तर लॅपटॉप, आणि नोटिफिकेशन बंद. बिछान्यात लोळून नाही, बसून.

कधी घेऊन जावं? चिडचिड सगळीच मुलं करतात. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप, जेवण, अभ्यास, मित्र हे सगळंच बदललं, गुण अचानक घसरले, उन्हाळ्यातही लांब बाह्या घालून हात झाकू लागलं, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोललं, तर वाट बघू नका. शेवटच्या दोन गोष्टींत तर पुढच्या सेशनचीही वाट बघू नका.

आणि आई-वडील स्वतः

मूल सेशनला बसायला तयारच नसेल, तर एकटे आई-वडील बसू शकतात. खरं तर दहा-बारा वर्षांखालच्या मुलांच्या हट्टीपणात, मारामारीत, मोबाइलवरून होणाऱ्या रोजच्या तमाशात बरंच काम पालकांसोबतच होतं. सूचना छोटी आणि एकच द्यावी. चांगलं वागलं की लगेच बोलून दाखवावं. शिक्षा आधी ठरलेली असावी, रागाच्या भरात वाढवू नये. फोन हिसकावून घ्यायचा आणि अर्ध्या तासाने अम्मीने गुपचूप परत द्यायचा, हे थांबवावं. ऐकायला सोपं आहे, पण करताना नवरा-बायकोचं एकमत व्हायलाच तीन सेशन लागतात. अब्बा आखातात असले तरी दोघे दोन ठिकाणांहून एकाच कॉलवर येऊ शकतात, जे दवाखान्यात कधीच जमलं नसतं.

ऑनलाइन कुठे पुरत नाही

आत्महत्येचा विचार पक्का होत चालला असेल, माणसाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, सगळे आपल्याविरुद्ध कट करताहेत असं वाटत असेल, कित्येक दिवस न झोपता भलताच उत्साह आला असेल, दारू किंवा नशा अचानक सोडल्यावर हात थरथरत असतील, तर मोबाइल बाजूला ठेवा आणि रुग्णालयात जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. लर्निंग डिसॅबिलिटीचं प्रमाणपत्र, बुद्ध्यांक चाचणी हेही समोर बसूनच होतं.

चांगले तज्ज्ञ सुरुवातीलाच तुमचा पूर्ण पत्ता आणि घरातल्या एकाचा नंबर मागतात. लोक बिचकतात. पण सेशनच्या मधोमध कुणी "आता बस झालं" म्हणून कॉल कापला, तर दोनशे किलोमीटरवर बसलेली बाई दुसरं काय करणार? तो नंबर द्या.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलिस केस होईल या भीतीने लपवून ठेवू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस प्रचंड तणावाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

पैसे

खासगी फी मुंबई-पुण्यात हजार ते अडीच हजार रुपये सेशनला, असं सर्रास ऐकू येतं. सगळ्यांना परवडणारं नाही. अनेक तज्ज्ञ काही जागा कमी फीवर ठेवतात, पण ते जाहिरात करत नाहीत, विचारावं लागतं. पंधरा दिवसांतून एकदाही चालतं का, हेही विचारा. विम्याबद्दल २०१७ चा कायदा मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरा म्हणतो, पण बऱ्याच पॉलिसींत दाखल न होता घेतलेली थेरपी बसत नाही, तेव्हा कागद वाचून घ्या.

पैसेच नसतील तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठी आणि उर्दूतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल हेल्पलाइन ९१५२९८७८२१ वर आहे. लहान मुलांसाठी १०९८, जीवाला धोका असेल तर ११२. हेल्पलाइन म्हणजे दर आठवड्याची थेरपी नव्हे, पण रात्री दोन वाजता कुणीतरी फोन उचलतं.

रमजान आणि आखात

रमजानमध्ये सेशन बंद करू नका, वेळ बदला. तरावीहनंतर किंवा सकाळी उशिरा बरं पडतं. सायकियाट्रिस्टच्या गोळ्या चालू असतील तर रोजे सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांना विचारा. बऱ्याच गोळ्या सहरी-इफ्तारला हलवता येतात. लिथियम घेणाऱ्यांनी मात्र स्वतःच्या मनाने अजिबात रोजा धरू नये. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं.

आखातातल्या आपल्या लोकांनी वेळेचं गणित बघावं. सौदी, कतार, कुवेत भारताच्या अडीच तास मागे, दुबई आणि मस्कत दीड तास. यूएईत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल सहसा लागत नाही, म्हणून झूम किंवा टीम्सवर सेशन होईल का ते आधीच विचारा. सौदीत शुक्रवारी सुट्टी असते आणि इथल्या तज्ज्ञांचा तो कामाचा दिवस असतो. जुम्यानंतर रूममेट झोपले की दुपारी तीनची वेळ, म्हणजे इथे साडेपाच, बहुतेकांना मिळून जाते.